डांबराखालचा नंबर

वैजनाथची पिकअप सुरू करायची तर आधी चावी अर्धी फिरवायची, समोरचा पिवळा दिवा विझेपर्यंत थांबायचं आणि मगच पुढं फिरवायची. डिझेलच्या बहुतेक गाड्यांना हे लागतंच. पण वैजनाथ ते असं सांगतो, की जणू हा मान फक्त त्याच्याच गाडीचा. दिवा विझेपर्यंत तो स्वतः बोलत नाही आणि शेजारी बसलेल्यालाही बोलू देत नाही. एकदा खुद्द सरपंच शेजारी बसून फोनवर मोठमोठ्यानं बोलत होते, तर यानं त्यांच्यापुढंही हात आडवा धरला. सरपंचही मुकाट गप्प बसले. गरज त्यांची होती, दुसरं काय!

जामखेडच्या अलीकडं, माळाच्या कडेला त्याची वाडी आहे. पाऊस तिकडं वाट चुकल्यासारखा येतो, त्यामुळं शेती तोंडी लावण्यापुरती आणि खरा धंदा गाडीचा. पंधरा वर्षांत वाडीचं काय त्या गाडीतून गेलं नाही? कांदा गेला, बाजाराच्या शेळ्या गेल्या, पोरींच्या लग्नातली कपाटं गेली, ऊसतोडीला निघालेल्या बिऱ्हाडांची भांडी-अंथरुणं गेली. शेळ्या उतरल्या की घरी पोचायच्या आत हौदा धुवायचा, दार आपटायचं नाही, उन्हात उभी केली तर टायरांवर पोती टाकायची. मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांना ग्रीस द्यायची तारीख त्याला तोंडपाठ. स्वतःच्या लग्नाची तारीख मात्र बायकोला विचारावी लागते.

ही बायको म्हणजे रंगुबाई. तोंडानं फटकळ. "माझ्या पायाला भेगा पडल्या तर म्हनत्यात, लाव कायतरी. आन् हिच्या टायरला चीर दिसली की दोन दिस घास उतरत न्हाई ह्यांच्या गळ्याखाली," असं ती येईल-जाईल त्याला ऐकवते. वैजनाथ हसतो. खोटं तरी काय आहे त्यात?

गेल्या साली गाडीला पंधरा वर्षं भरली आणि पासिंगची, म्हणजे आरटीओच्या वार्षिक तपासणीची, वेळ आली. पासिंग दरवर्षीचंच, पण त्या खेपेला पारावरच्या शहाण्यांनी त्याचा जीव खाल्ला. आता ही मोडीत निघणार, भंगारवाला किलोवर नेणार, असं जो तो सांगायला लागला. जामखेडचा छगन मिस्त्री तेवढा म्हणाला, "इंजिन चोख हाय, पास हुईल. खालून जरा गंज दिसतोय, तेवढा रंग मारून घेऊ." दरवर्षी पासिंगच्या आधी पोटाखालचा रंग छगनच मारायचा. पण त्या वर्षी वैजनाथला ते काम दुसऱ्याच्या हाती द्यावंसं वाटेना. घराच्या स्लॅबला गळती लागली तेव्हा आणलेलं डांबर उरलं होतं. ते पातळ करून त्यानं गाडीखाली पाठीवर झोपून दोन दिवस फासलं. एक हात, वर दुसरा हात. लोखंडाचा बोटभर तुकडा उघडा ठेवला नाही. गाडी खालून काळीकुळकुळीत झाली आणि वैजनाथ तर दृष्ट काढायच्या बेतात होता.

पासिंगच्या दिवशी सकाळी तो नगरला निघाला, तर रंगुबाई नवं लुगडं नेसून शेजारच्या सीटवर बसलेली.

"तुझं काय काम तितं?"

"काय न्हाई. बसू द्या की."

पिवळा दिवा लागला होता, म्हणून वैजनाथला पुढं बोलता आलं नाही.

नगरच्या आरटीओच्या मैदानावर सगळं झकास झालं. ब्रेक, दिवे, हॉर्न, धूर, कशालाच नाव ठेवायला जागा नव्हती. तपासणीला आलेल्या बाई तरुण होत्या, कामाला काटेकोर. शेवटी त्या म्हणाल्या, "काका, चेसिस नंबर दाखवा. पेन्सिलनं छाप घ्यायचाय."

हा नंबर गाडीच्या खालच्या लोखंडी पट्टीत ठोकलेला असतो. त्यावर कागद धरून पेन्सिल घासली की आकडे उमटतात आणि ते गाडीच्या कागदाशी जुळावे लागतात. वैजनाथ खाली वाकला. सगळीकडं डांबर! त्यानं घाईघाईनं छगनला फोन लावला.

"डांबर मारायच्या आधी नंबरावर ग्रीस थापलं हुतं का?" छगननं विचारलं.

"कसलं ग्रीस?"

"आरं देवा! मी दरसाली आधी ग्रीस लावतो, मंग रंग. नंतर पुसलं की नंबर लख्ख. तुमी तवा चहा पीत बसायचा ना! उजव्या अंगाला बघा, फुडच्या चाकामागं."

बाई म्हणाल्या, "नंबर दिसल्याशिवाय ही गाडी तीच आहे असं मी कसं लिहू?"

"तीच हाय, मॅडम! माजी मला कळंना व्हय?"

"तुम्हाला कळतं काका, कागदाला कळत नाही. तीन वाजेपर्यंत दाखवा. आणि खरवडताना एखादा आकडा बिघडला, तर मग मला काहीच करता येणार नाही."

वैजनाथनं पेचकस काढला आणि चाकामागं शिरला. इतकी वर्षं जिला ओरखडा उठू दिला नाही, तिच्यावर आता आपणच लोखंड चालवायचं. चुकून एक आकडा गेला तर पंधरा वर्षं गेली. त्यानं पेचकस टेकवला, तेवढ्यात कुणीतरी त्याचं मनगट धरलं. नव्या लुगड्यानिशी रंगुबाई गाडीखाली आली होती.

"करपल्यालं पातेलं कुनी असं खरवडतं व्हय? भोक पडंल. भिजू घालावं लागतं. डिझेल आना."

तिनं डिझेलात भिजवलेलं फडकं त्या जागेवर दाबून धरलं. दर थोड्या वेळानं ती ते पुन्हा भिजवायची, पुन्हा दाबायची. दोघं मातीत शेजारी शेजारी उताणी पडून राहिली. काळे थेंब तिच्या बांगड्यांवरून कोपरापर्यंत ओघळत होते.

"लुगडं गेलं की गं," वैजनाथ म्हणाला.

"जाऊ द्या."

"कशाला आलीस उगं?"

रंगुबाई फडक्याकडंच बघत म्हणाली, "ही पास झाली न्हाई, तर हिला हितंच भंगारात सोडून तुमी एकलंच यष्टीत बसून माघारी आला असता. त्ये मला बघवलं नसतं."

वैजनाथनं डिझेलचा डबा तिच्या हाताजवळ सरकवला.

दोनच्या सुमारास तिनं फडकं उचललं आणि पदराच्या टोकानं, बाळाचं तोंड पुसावं तसं, हळूच पुसलं. आधी एक सात दिसला. मग शून्य, मग अक्षरं. वैजनाथ कागद धरून एकेक वाचत गेला, ती एकेकावर बोट ठेवत गेली. शेवटचा आकडा जुळला तेव्हा रंगुबाई रडत होती. विचारलं तर म्हणाली, डिझेल डोळ्यात गेलं.

बाईंनी स्वतः खाली बसून छाप घेतला, दोनदा पडताळला आणि कागदावर सही केली.

"गाडी चांगली ठेवलीय काका. आता वर्षानं परत आणा."

"आनतो की," वैजनाथ म्हणाला. कोपरापर्यंत काळे हात घेऊन उभ्या असलेल्या रंगुबाईकडं त्यानं पाहिलं. "आमी दोगंबी येऊ."