कुरकुर करणारा मास्तर

माणूस पारखण्याची विद्या साऱ्या ठाणे जिल्ह्यात एकाच गृहस्थांना अवगत होती आणि ते जव्हारच्या शाळाखात्याच्या कचेरीत हेडक्लार्क होते, हे मी आजही छातीठोकपणे सांगेन. संस्थान विलीन झालं, दरबारचे कागद मुंबई सरकारच्या दप्तरात गेले, पण या गृहस्थांनी ना डोक्यावरची पगडी सोडली, ना आपली रीत. उमेदवाराचं सर्टिफिकेट ते चष्मा न लावताच पाहत, म्हणजे पाहिल्यासारखं करत. खरी परीक्षा रस्त्यात व्हायची. सूर्यमाळच्या शाळेतून लागोपाठ तीन मास्तर पळाले होते आणि चौथाही पळाला तर शाळा बंद करा, असं वरून लिहून आलं होतं. म्हणून आम्हा तिघा उमेदवारांना त्यांनी मोखाड्यापर्यंत मोटारीने नेलं आणि तिथून भर वैशाखात डोंगर चढायला लावला.

दर वळणावर ते थांबत, उपरण्याने वारा घेत आणि लग्नघरातल्या यजमानाच्या अगत्याने विचारत, "काही त्रास?" बाकीचे दोघे शहाणे. "छे छे, साहेब, मजेत!" म्हणून मोकळे होत. मी पडलो वसईच्या सपाटीवरचा. वहाण चावते, घशाला कोरड पडली, तुमची नाचणीची भाकरी काही घशाखाली उतरत नाही, असं माझं रडगाणं पायथ्यापासून सुरू होतं. वर पोचेपर्यंत नोकरी हातची गेल्याची माझी खात्री झाली होती. तर यांनी पाड्यावरच्या मंडळींसमोर माझ्याच खांद्यावर हात ठेवला. "हा तुमचा मास्तर." आम्ही तिघेही आ वासून उभे! "ज्याला काहीच त्रास नाही, तो मनाने केव्हाच निघालेला असतो," ते त्या दोघांना म्हणाले, "कुरकुर करतो तो राहायचा हिशेब करत असतो." मग पगडी सावरत माझी ट्रंक त्यांनी स्वतः उचलून खोलीत ठेवली. दारात बसलेला एक म्हातारा मला म्हणाला, "मास्तर, तुला काय पायजे तां सांग. पानी लांब हाय, पन आनून देव आमी."

पुढे मोखाड्याच्या बाजाराच्या दिवशी हेडक्लार्क वही घेऊन हजर असत. छप्पर गळतं, खडू संपले, वर्गात शेळ्या शिरतात, सगळं मन लावून लिहून घेत. निम्म्या गोष्टींचा बंदोबस्त होई. शेळ्यांच्या तक्रारीवर ते नुसतेच खूश होत. दुसऱ्या वर्षी एकदा त्यांच्या नेहमीच्या प्रश्नावर मी म्हणालो, "काही नाही, ठीक आहे." त्यांचा चेहरा खर्रकन उतरला. "बदलीचा अर्ज कुठाय, मास्तर? खिशात की ट्रंकेत?"

खिशातच होता. मी काढून दिला. त्यांनी तो फाडला नाही, उलटा करून कोऱ्या बाजूवर पेन्सिल टेकवली आणि म्हणाले, "हं, सांगा." मी तासभर बोललो. उन्हाळ्यातलं पाणी, एकटेपणा, गावाकडे असलेली आई. पंधरवड्यात त्यांनी वसईला माणूस धाडून आईला माझ्याकडे आणवलं. मी अकरा वर्षं सूर्यमाळला राहिलो आणि शाळा एक दिवसही बंद पडली नाही.

पेन्शन घेतल्यानंतर ते आजारी असल्याचं कळलं, तेव्हा जव्हारला भेटायला गेलो. ते खाटेवर पडून होते, पगडी खुंटीला. मला फार भरून आलं. खाटेशी बसून त्यांच्याच सुरात विचारलं, "काही त्रास?"

ते हसले. "छे छे, मास्तर. मजेत."

परतीची एस.टी. मी सोडून दिली आणि त्यांचा हात धरून तिथेच बसून राहिलो.