कुलूपबंद खोलीतला प्रिंटर

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता, आजही नाही. जन्मभर इलेक्ट्रॉनिक्स शिकवलं. काही बिघडलं की सोल्डरिंग बघायचं, व्होल्टेज मोजायचं, कारण सापडतंच... असा माझा स्वभाव. इथे लोक लिहितात ते भुताटकीचे अनुभव वाचून मी मनातल्या मनात हसतही असे. म्हणून हे लिहायला इतकी वर्षं लागली.

ऐंशीच्या दशकाचा उत्तरार्ध. चंद्रपूरच्या एका तंत्रनिकेतनात मी शिकवत होतो. मूळचा वरोऱ्याचा. आमच्याकडे मायक्रोप्रोसेसरचे किट दोनच, आणि मुलं चाळीस. म्हणून आलेल्या एकुलत्या एक पीसीवर मी आणि वंदनाबाईंनी मिळून एक सिम्युलेटर लिहिला – म्हणजे त्या किटची हुबेहूब नक्कल करणारा प्रोग्राम.

वंदनाबाई चामोर्शीच्या. घरी धानाची शेती, घराण्यातली पहिली शिकलेली मुलगी. वय सव्वीस-सत्तावीस. माझ्यापेक्षा ज्युनिअर, पण डोकं माझ्यापेक्षा कितीतरी तल्लख.

अडचण विजेची होती. खिडकीतून वीज केंद्राच्या चिमण्या दिसायच्या आणि आमच्याकडेच लाइट जायची! तासभराचं काम क्षणात साफ. म्हणून आम्ही सिम्युलेटरमध्ये सोय केली – चालू प्रोग्राम कुठेही थांबवायचा, त्या क्षणाची सगळी स्थिती फ्लॉपीवर साठवायची आणि नंतर तिथूनच पुढे सुरू करायचं. चेकपॉइंट आणि रिस्टोअर. पण मुलं तक्रार करू लागली की परत सुरू केल्यावर कधीकधी उत्तर चुकतं. नेहमी नाही... कधीकधी. असली चूक सगळ्यात वाईट.

मग वंदनाबाईंनी आपोआप तपासणी करणारा प्रोग्राम लिहिला. तो एक नमुना आधी सलग चालवायचा. मग तोच नमुना मध्येच थांबवून, साठवून, सगळं पुसून, परत आणून पुढे चालवायचा, आणि दोन्ही उत्तरं ताडून बघायचा. दर वेळी थांबायची जागा वेगळी. प्रिंटरवर रोमन अक्षरांत एक ओळ यायची – ‘जुळलं’ किंवा ‘नाही’. दिवसभर प्रिंटर करकरत राहायचा. जुळलं, जुळलं, जुळलं.

मी खूश होतो. बाई नव्हत्या. एक दिवस म्हणाल्या, “सर, पेपरच सोपा असन त सगळेच पास होतेत ना. मले वाटते आपला नमुनाच सोपा हाय. मी दुसरा लिहून राह्यली.”

त्याच आठवड्यात त्यांना थंडी वाजायला लागली. एसीच्या खोलीत शाल पांघरून बसायच्या.

“ताप आहे का?” मी विचारलं.

“एसीनं असन सर. पण वाटते, गावाकडं जाऊन येतो दोन दिवस.”

सोमवारी बोर्डाची माणसं सिम्युलेटर बघायला येणार होती. मी म्हणालो, “शुक्रवारपर्यंत थांबा ना. तयारी झाली की निवांत जा.” कपाटातून तापाची एक गोळी काढून दिली. त्या थांबल्या. शुक्रवारी दुपारी एसटीत बसल्या तेव्हा ओठ पांढरे पडले होते. मला दिसलं होतं... मी खोटं बोलणार नाही.

सोमवारी पाहुणे आले, बघून समाधानाने गेले. अडीचच्या सुमारास मी पीसी बंद केला, भिंतीवरचा मेन स्विच खाली केला, खोलीला कुलूप लावलं आणि प्राचार्यांकडे गेलो. किल्ली माझ्या खिशात. दुसरी किल्ली वंदनाबाईंच्या पर्समध्ये.

पावणेचारला परत आलो तर जिन्यातूनच प्रिंटरचा आवाज. कुलूप जसंच्या तसं होतं. उघडलं. आत कुणी नाही. स्विच वर केलेला, स्क्रीन चालू, कागद खाली जमिनीपर्यंत आलेला. मी बघत असतानाच शेवटची ओळ उमटली आणि प्रिंटर थांबला.

कागदाच्या डोक्यावर त्या दिवशीची तारीख आणि वेळ – तीन वाजून दहा मिनिटं. ज्यांनी ती जुनी मशीन्स वापरलीत त्यांना कळेल. आमच्या पीसीला तारीख आठवत नसे. दर वेळी सुरू केल्यावर हाताने टाइप करावी लागे, नाहीतर भलतीच जुनी तारीख यायची. त्याखाली तपासणाऱ्याचं नाव. वंदना. तेही टाइप केल्याशिवाय प्रोग्राम पुढे जात नसे.

मग ओळीमागून ओळ ‘जुळलं’. आणि अगदी शेवटी – ‘नाही’.

शेजारी थांबायची जागा छापलेली होती, ती बघताच चूक कळली. चालू काम मध्येच अडवायची परवानगी आहे की नाही, याची मायक्रोप्रोसेसरमध्ये एक खूण असते. ती आम्ही साठवतच नव्हतो. ड्राइव्हमध्ये मी कधी न पाहिलेली फ्लॉपी होती, वर बाईंच्या अक्षरात ‘नवीन नमुना’.

खरं सांगतो, भीती वाटलीच नाही. उलट आनंद झाला! वाटलं, बाई परत आल्या, सरप्राइज देतायत. व्हरांड्यात जाऊन हाका मारल्या. शिपाई महादेवभाऊ पायरीवर बसले होते.

“भाऊ, वंदनाबाई कुठे गेल्या?”

“बाई? बाई त गावी हाय न सर. मी दुपारपासून इथीच बसून हाओ. कोणीच नाई आलं.”

तरी मी कँटीनमधून दोन चहा मागवले. साडेपाचपर्यंत वाट बघितली. दुसरा चहा गार झाला, साय धरली. दोन ओळी घालून चूक दुरुस्त केली आणि घरी गेलो.

मंगळवारी सकाळी निरोप आला, बाई गेल्या. मलेरिया मेंदूत गेला होता. गडचिरोलीच्या दवाखान्यात, सोमवारी दुपारी, पावणेचारच्या आसपास.

मूल, सावली, गडचिरोली ही गावं ओलांडत मी एसटीने चामोर्शीला पोचलो. सारवलेल्या ओसरीवर त्यांची आई बसली होती. मोठा भाऊ “जयभीम सर” म्हणाला आणि माझ्यासाठी सतरंजी अंथरली. कोपऱ्यातल्या खिळ्याला बाईंची पर्स टांगलेली होती. भावाला विचारलं. किल्ली आतच होती.

आईने मला जवळ बसवलं.

“तुम्हीच काय जी थे सर?”

“हो, आई.”

“दोन दिस तापात नुसती बडबडे. सोमवारी दुपारी डोळे उघडले, चांगली बोलली. म्हणे, आई, सरले सांगजो, सापडलं. आमाले वाटलं, उतरला ताप... काय सापडलं जी तिले?”

मी म्हणालो, “मशीनमधली चूक, आई. आम्ही किती महिने शोधत होतो.”

“लय मोठी होती काय?”

“नाही. दोन ओळींची.”

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. रागाने नाही, खरंच समजून घ्यायला. मग म्हणाल्या, “मंग एवढा ताप असून काऊन रायली थे तिथी?”

अंगणापलीकडे धान हिरवंगार उभं होतं. मी तिकडे बघत बसलो. संध्याकाळच्या एसटीने परत आलो.

पुढे मी सगळं तपासलं. कुलपाला तिसरी किल्ली नव्हती. तो नवा नमुना कसा चालवायचा हे कॉलेजात कुणालाच ठाऊक नव्हतं, मलाही नाही. कुणी मुलाने खोडी केली असेल म्हणावं तर त्याला आत जाता आलं कसं? आणि तीन दहाला सुरू झालेला कागद पावणेचारला थांबला, हा योगायोग असेलही. मी ठरवू शकलेलो नाही. तुमच्यापैकी कुणाकडे स्पष्टीकरण असेल तर जरूर सांगा, मी ऐकेन.

पण त्या माऊलीने विचारलं त्याचं उत्तर मात्र माझ्याकडे होतं. मी थांबवलं, म्हणून राहिली. एवढं एक वाक्य. त्या हयात होत्या तोवर कितीदा तरी चामोर्शीच्या एसटीत बसायचं ठरवलं...

गेलो नाही.