घायपाताचा डार्टबोर्ड

आमच्या ह्यांना अर्धांगवायूचा झटका आला, त्याला चार महिने झाले होते. बोलणं ताळ्यावर आलं, काठी घेऊन घरात चालायलाही लागले. उजवा हात तेवढा मांडीवर पडून राहायचा. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाई दर खेपेला बजावायच्या, "काका, उचलायला यायला लागलाय आता. वापरला नाहीत तर कायमचा जाईल." त्यांनी दाबायला दिलेला मऊ चेंडू ह्यांनी दोनदा कपाटाखाली भिरकावला, तोही डाव्या हाताने. "गेला तो हात," म्हणायचे. मला इतका संताप यायचा की स्वयंपाकघरात जाऊन मी भांडी आपटायचे.

हे मूळचे सोनईचे. नोकरी सगळी नगर शहरात झाली, पण भाषा तिकडचीच राहिली. लग्नानंतर मी पहिल्यांदा हुरड्याला शेतावर गेले, तेव्हा ज्वारीतली पाखरं हाकायच्या माळ्यावर चढून ह्यांनी गोफण फिरवली होती. बांधावरच्या बाभळीला पत्र्याचा डबा टांगला होता, तो तीनदा वाजवला, निव्वळ माझ्यापुढे मिरवायला. अशा माणसाला चेंडू दाबत बसा म्हटलं तर तो कशाला ऐकतोय! त्याला नेम धरायला काहीतरी हवं होतं. मुलगा पुण्याला गेल्यापासून सावेडीतल्या घरातली त्याची खोली रिकामीच होती. तो तिला गेमरूम म्हणायचा. आम्ही तिथे कॅरमबोर्डावर कुरडया वाळवायचो. आता तिथे खरोखरच खेळ मांडायचा, असं मी ठरवून टाकलं.

मुलगा फोनवर म्हणाला, "आई, टोकदार काही नको. चुंबकाचा डार्टबोर्ड आण." मी आणला. ह्यांनी तो उलटसुलट करून पाहिला. "मी काय बालवाडीत हाय का?" खरं होतं त्यांचं. दुसऱ्या दिवशी स्कूटरच्या पायाशी तो बोर्ड उभा करून मी पुन्हा दुकानात गेले.

दुकानदाराने दिवे लागणारा, गुण बोलून दाखवणारा बोर्ड पुढे केला. मी म्हटलं, "बोलणारा नको. घरात बोलायला मी आहे." मग त्याने वरच्या फळीवरून जाडजूड, घट्ट धाग्यांचा बोर्ड काढला. म्हणाला, यात पोलादी टोक रुततं आणि काढलं की भोक आपोआप मिटतं. अशा दोन बोर्डांवरच्या, गुणांची घरं आखणाऱ्या तारांवरून मी नख फिरवून पाहिलं आणि बारीक तारांचा घेतला. एवढ्या कष्टाने फेकलेला डार्ट जाड तारेवर आपटून परत आला असता, तर माझा माणूस पुन्हा हात लावणार नव्हता.

"पेशंटसाठी ना? मग डार्ट सगळ्यात हलके न्या," दुकानदार म्हणाला. मी डोळे मिटून एकेक डार्ट बोटांत धरला. हलका गुळगुळीत डार्ट हातात आहे की नाही तेच कळेना, मग सुन्न बोटांना काय कळणार? पदर खोचला आणि एकेक फेकूनही पाहिला. बॅट घ्यायला आलेले दोघे बॅट सोडून माझ्याकडे बघत राहिले. शेवटी चोवीस ग्रॅमचे, जाड अंगाचे, खरखरीत पकडीचे तीन डार्ट घेतले. दुकानदार वजनाचं पुन्हा सांगायला लागला, पण मी ऐकलं नाही.

बोर्ड टांगायला आलेला सुतारही शहाणपणा शिकवायला लागला. "काकांना बसून खेळू द्या की, खाली लावतो." मी टेप धरून उभी राहिले. नियमाप्रमाणे मधला ठिपका जमिनीपासून पाच फूट आठ इंचांवर, तिथेच लावून घेतला. फेकायची रेघ मात्र तीन फुटांवर मारली, तेवढी सवलत दिली.

त्या संध्याकाळी हे खोलीत आले. बोर्डाच्या कडेला नाक लावलं, डाव्या हाताचा अंगठा धाग्यांवर घासला. "घायपात हाय हे."

"कशावरून?"

"आमच्या गोफणीचा दोर ह्याचाच हुता. मीच वळायचो."

त्यांच्या उजव्या हातात मी गुपचूप डार्ट ठेवला. या वेळी त्यांनी तो भिरकावला नाही.

पुढचे कितीतरी दिवस डार्ट त्यांच्या पायाशीच पडत राहिला. कधी बोटांतून सुटायचाच नाही, कारण मिटलेली बोटं उघडणं हेच सगळ्यात अवघड होतं. हात थकला की मी खेळ थांबवायचे, दुसऱ्या दिवशी पुन्हा मांडायचे. बरोबरी व्हावी म्हणून मी डाव्या हाताने फेकायचे. माझा डार्ट भिंतीला लागला, मी बोर्डाला नावं ठेवली की हे हसायचे, "नाचता येईना अन् अंगण वाकडं!" एक दिवस ते रेघेवरच अडून राहिले. "उभं ऱ्हायलो की काठी डाव्या हातात लागती, फेकायला उजवाच ऱ्हातो. म्हनून बोर्ड वर टांगलास. कळतंय मला."

"कळलंय तर फेका," मी म्हटलं.

त्यांनी मला एक कचकचीत शिवी दिली आणि फेकला.

मग एका सकाळी चहाच्या आधी तो लागला. तीनच्या आकड्याखाली, अगदी कडेच्या काळ्या पट्ट्यात, जिथे गुण मिळत नाहीत. पण रुतला, लटकत राहिला. मी ओरडलेच आणि काढायला धावले.

"थांब. हात लावू नको."

काठी टेकत ते पुढे गेले. उजवा हात खांद्यातून हळूहळू वर आला, बोटं डार्टपाशी पोचली, उघडली, मिटली. घायपात चिवट, डार्ट सोडेना. दोनदा बोटं निसटली. मदत करायचा मोह आवरेना म्हणून मी हात पाठीमागे बांधून घेतले. तिसऱ्यांदा डार्ट निघाला.

ते माझ्यापाशी आले. मी तळवा पुढे केला. त्यावर हात धरून ते बोटांकडे बघत राहिले, आणि ती एकेक करून सुटली.

"घे. आता तू."

मी डाव्या हाताने फेकला तो थेट भिंतीवर गेला. हे हसले. मला बोर्ड दिसतच नव्हता.