उस्तादांची कवळी

दातांच्या डॉक्टरकडे आपण जातो, आ करतो, माप देतो आणि घरी येतो. ते माप पुढे कुठे जातं, हे कोणी विचारत नाही. ते जातं कवळीकाकांसारख्या माणसाकडे. दुसऱ्या मजल्यावरची लांबट खोली, खिडकीखाली टेबल, टेबलावर स्पिरिटचा दिवा, गुलाबी मेणाच्या पट्ट्या आणि भिंतीवरच्या फळीवर ओळीने मांडलेले प्लास्टरचे जबडे. पहिल्यांदा येणारा माणूस त्या फळीकडे बघून जरा दचकतोच. पन्नास-साठ बोळकी एकदम आपल्याकडे बघून हसताहेत असं वाटतं.

काकांचं वय अठ्ठावन्न, आणि त्यातली अडतीस वर्षं याच धंद्यात गेलेली. धंद्यातली इतर मंडळी प्रत्येक जबड्यावर नुसता नंबर घालतात. काका नंबर घालत, पण त्याखाली पेन्सिलीने ‘आजी’, ‘आजोबा’, ‘बाई’, ‘साहेब’ असंही लिहीत. जन्मभर दुसऱ्यांची भांडी घासलेल्या त्याही आजी आणि बँकेच्या मॅनेजरच्या आईही आजीच. तयार कवळी प्लास्टिकच्या पिशवीत कोंबायची नाही, धुतलेल्या पांढऱ्या फडक्यात गुंडाळायची. ती न्यायला येणाऱ्या माणसाला जिन्यात ताटकळत ठेवायचं नाही, खुर्ची द्यायची. यामागे काही फार मोठं तत्त्वज्ञान नव्हतं. तरुणपणी एका रविवारी चर्चमध्ये पाळकसाहेब म्हणाले होते, की समोरचा माणूस देवाने घडवलेला आहे एवढं ध्यानात ठेवलं, तर त्याला मान द्यायला दुसरं कारण शोधावं लागत नाही. असं काही ऐकलं की लोक मान डोलावतात आणि घरी जाऊन जेवतात. काकाही जेवले. पण सोमवारी टेबलाशी बसल्यावर त्यांना ते पुन्हा आठवलं आणि मग आठवतच राहिलं.

यावरून काका संत होते असा कोणी समज करून घेऊ नये. ओला टॉवेल ते पलंगावर टाकत, बायको एक बोलली तर दोन बोलत, आणि जगात एक माणूस असा होता की त्याला मान देण्याचा विषय निघाला असता तर त्यांनी पाळकसाहेबांशीही हुज्जत घातली असती. तो माणूस म्हणजे उस्ताद.

विसाव्या वर्षी काका उस्तादांच्या हाताखाली लागले आणि सोळा वर्षं राहिले. मेण किती तापवायचं, प्लास्टर किती वेळ घोटायचं, सगळं त्यांनीच शिकवलं. हात सोन्याचे आणि जीभ कानशीसारखी. नाकावर माशी बसू द्यायचे नाहीत. दातांच्या बाबतीत त्यांचा एकच नियम होता: पांढरे, सारखे, सरळ. पुढे काकांच्या डोक्यात वेगळंच काही शिरलं. एक आजोबा नवी कवळी घालून घरी गेले आणि नातवंडं त्यांना ओळखेनात. ही गोष्ट काकांना लागली. मग ते गुपचूप लोकांकडून जुने फोटो मागवू लागले आणि फोटोत एखादा दात फिरलेला असला तर तोही तसाच लावू लागले. एका दुपारी उस्तादांच्या हाती तशी कवळी लागली. त्यांनी ती दहा कारागिरांसमोर टेबलावर ठेवली आणि हातोडीने तिचे तुकडे केले.

“इथे दात बनतात. चेहरे बघायचे असतील तर तुझ्या चर्चच्या दारात जाऊन उभा राहा,” असं म्हणून त्यांनी काकांना दार दाखवलं.

काकांनी एप्रन काढून खिळ्याला अडकवला आणि जिना उतरले. या गोष्टीला बावीस वर्षं झाली होती. एवढ्या वर्षांत उस्ताद कधी समोरून येताना दिसलेच, तर काकांना अचानक बाजूच्या दुकानातलं सामान बघावंसं वाटे.

आणि एका सकाळी ज्यांच्याकडून त्यांना नेहमी काम येई त्या डॉक्टरीणबाईंचा फोन आला. “काका, एका अवघड पेशंटचं माप पाठवतेय. दोन ठिकाणी कवळ्या करून झाल्या, दोन्ही त्यांनी कचऱ्यात टाकल्या. वर्ष झालं, नुसत्या पातळ खाण्यावर आहेत. वजन उतरत चाललंय. लोकांना बोळकं दिसू नये म्हणून खोलीबाहेर येत नाहीत. लेक बिचारी रडकुंडीला आलीये. ही तिसरीही टाकली, तर ते पुन्हा माझ्याकडे पाऊल टाकणार नाहीत. बघा जमलं तर.”

दुपारी माप आलं, आणि सोबतच्या चिठ्ठीवरचं नाव काकांनी दोनदा वाचलं. ते उस्तादांचं होतं.

नाही म्हणायची सोय होती, पण काकांनी काम ठेवून घेतलं. जबड्याखाली पेन्सिलीने ‘उस्ताद’ असं लिहिलं. प्रार्थना केली. आपलं वाईट केलेल्याचं आपण भलं करतोय या विचाराने त्यांना इतकं बरं वाटलं की ते गुणगुणायलाच लागले. मग घरी जाऊन त्यांनी ट्रंकेतून जुन्या कारखान्यातला सगळ्यांचा फोटो शोधून काढला. त्यात उस्ताद कुठल्याशा विनोदावर हसत होते, आणि वरचा डावीकडचा एक दात किंचित पुढे फिरलेला स्पष्ट दिसत होता. काकांचे डोळे चमकले.

आठ दिवस काकांनी त्या कवळीसाठी जीव ओतला. प्रत्येक दाताची छटा निरखून घेतली, हिरडीला खऱ्यासारखा उंचसखलपणा दिला आणि तो एक दात अगदी फोटोबरहुकूम फिरवला. एवढं चांगलं काम आपल्या हातून आजवर झालं नाही, असं त्यांना वाटलं, आणि ते खरंही होतं. उस्ताद आरशात बघतील, गप्प होतील, मग म्हणतील, तुझंच बरोबर होतं रे बाबा. काका मनात मांडे खात होते. कवळी घेऊन ते स्वतः दवाखान्यात गेले.

उस्ताद लेकीच्या आधाराने आले. तोंडावर रुमाल, गाल खोल गेलेले, हात सारखे थरथरत होते. त्यांनी काकांकडे पाहून न पाहिल्यासारखं केलं. कवळी तोंडात बसवली, आरसा धरला. मग बाहेर काढून अंगठ्याने एकेक दात चाचपला. फिरलेल्या दातावर अंगठा थांबला.

“हे दात माझे नाहीत,” ते बोबड्या आवाजात डॉक्टरीणबाईंना म्हणाले. “त्याचे आहेत. त्यालाच घालायला सांगा.”

कवळी ताटलीत टाकून ते उठले. लेक काकांना “माफ करा” म्हणाली आणि त्यांच्या मागे धावली.

काका घरी आले ते तोंड पाडूनच. बायको धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. त्यांनी सगळी हकीकत तावातावाने सांगितली, “या माणसाला मान देऊन उपयोग नाही” असा निकालही दिला आणि बायको आता आपली बाजू घेईल म्हणून थांबले.

“कवळी कशी हवी, हे तुम्ही त्यांना विचारलं होतंत?” बायकोने विचारलं.

“त्यात विचारायचंय काय? त्यांना सरळच हवी असणार.”

“म्हणजे माहीत होतं.” तिने उशीचा अभ्रा झटकला. “अहो, मग तुम्ही तिथे मान द्यायला गेला होतात की भांडण जिंकायला?”

काका तरातरा गॅलरीत गेले. रागाने लाल झाले होते, कारण बायको नेमकं बोलली होती. बावीस वर्षं जपून ठेवलेलं उत्तर त्यांनी पांढऱ्या फडक्यात गुंडाळून उस्तादांच्या तोंडात घातलं होतं, आणि वर त्याला सेवा म्हटलं होतं. रविवारी चर्चमध्ये सगळे उभे राहून गात होते तेव्हा काकांच्या तोंडून शब्द फुटेना. देवासमोर एवढी लाज त्यांना कधी वाटली नव्हती. शेवटी मान खाली घालून ते पुटपुटले, “प्रभू, मला जमत नाहीये. तूच काय ते कर.” बाजूच्या बाईंना वाटलं, यांचा घसा बसलाय. त्यांनी खडीसाखर पुढे केली.

सोमवारी काका पेटीत स्पिरिटचा दिवा, मेण, साचे आणि दातांची पाकिटं भरून उस्तादांच्या घरी गेले. लेकीने दार उघडलं. आतल्या खोलीत पडदे ओढलेले होते आणि उस्ताद भिंतीकडे तोंड करून बसले होते.

“कशाला आलास?”

“विचारायला आलोय,” काका म्हणाले. “मागच्या वेळी मी न विचारता केलं. चुकलं माझं. तुमच्या तोंडातले दात आहेत. कसे लावू ते तुम्ही सांगा.”

उस्तादांचा कारखाना बंद पडून सात वर्षं झाली होती. जेवता का, औषध घेतलं का, झोप लागली का, असं सगळे विचारत. काम कसं करायचं, असं या सात वर्षांत त्यांना कोणी विचारलं नव्हतं. अखेर ते वळले.

“पडदा उघड. उजेडाशिवाय काम करतोस की काय हल्ली?”

मग तीन तास नुसती बोलणी. मेण जास्त तापलं. हा दात खोल गेला. तो काढ, पुन्हा लाव. चाकू असा धरतात का? कोणी शिकवलं तुला? “तुम्हीच,” काका म्हणाले, तेव्हा उस्तादांनी नुसतंच “हं” केलं. लेक दारात उभी राहून आश्चर्याने ऐकत होती, कारण वर्षभरात वडील इतकं बोललेच नव्हते. काका मुकाट्याने ऐकत होते. दात पांढरे, सारखे, सरळ, अगदी सैनिक उभे केल्यासारखे लागत होते. ते काकांना मुळीच आवडत नव्हते, आणि तरीही त्यांना फार शांत वाटत होतं.

शेवटचा एक दात राहिला. काकांनी जागेवरचं मेण मऊ केलं, दात चिमट्यात धरला आणि थांबले.

“उस्ताद, हा तुम्ही लावा.”

“हात बघतोयस ना माझे?”

“बघतोय. मी साचा धरतो.”

लेकीने मान फिरवली. उस्तादांनी दात घेतला. एकदा तो मांडीवर पडला, एकदा टेबलाखाली गेला. काका खाली वाकून शोधत राहिले, घाई कसलीच केली नाही. तिसऱ्या खेपेला दात मेणात टेकला, उस्तादांनी अंगठ्याने दाबला आणि हात कापला. मेण गार झालं. दात बसला होता, पण चांगलाच तिरका.

काकांच्या मनात आलं, काही बोलूच नये. कामाच्या खोलीत जाऊन गुपचूप सरळ करावा, त्यांना कळणारही नाही. पण ज्याला फसवून खूश करायचं, त्याला आपण लहान मूलच समजतो की.

“उस्ताद, हा तिरका लागलाय. सरळ करू, की तुम्ही परत लावताय?”

“दिसतंय मला. हात गेलेत, डोळे नाही.” त्यांनी आरसा मागितला. मेणाची कवळी तोंडात धरून ते बघत राहिले. या बाजूने, मग त्या बाजूने. लेकीला वाटलं, आता ही पण कचऱ्यात जाणार.

“मी लावलाय तो,” उस्ताद शेवटी म्हणाले. “हलवायचा नाही.”

काकांनी तो केसभरही हलवला नाही. मेणाच्या जागी पक्की गुलाबी हिरडी आली, कवळी घासून चकचकीत झाली आणि पांढऱ्या फडक्यातून घरी गेली. पहिला आठवडा काही कळलं नाही. काका दर फोनला दचकत होते. मग लेकीचा निरोप आला, की बाबांनी आज काकडी खाल्ली, अख्खी, आणि काकडी कडू निघाली म्हणून भाजीवाल्याला सुनवायला स्वतः कोपऱ्यापर्यंत चालत गेले. भाजीवाल्याची बिचाऱ्याची चूक नव्हती. पण हे ऐकून काकांनी दिवा विझवला आणि थोडा वेळ हात जोडून बसले.

महिन्याभराने, कामाच्या ऐन गर्दीत, जिन्यात काठीचा आवाज आला. उस्ताद दर दोन पायऱ्यांना थांबत वर येत होते. काकांनी हातातलं काम ठेवलं आणि खिडकीजवळची स्वतःची खुर्ची पुढे केली. उस्ताद बसले, धाप ओसरू दिली, मग फळीवरचे जबडे एका टोकापासून बघायला लागले. प्लास्टरमध्ये बुडबुडे राहिलेत म्हणाले. दिव्याची वात मोठी आहे म्हणाले. टेबलावर एका आजींची कवळी मेणात तयार होत होती, पुढचे दोन दात एकमेकांवर जरासे चढलेले. ती त्यांनी दोन्ही हातांनी उचलली. काकांना ती जुनी हातोडी आठवली.

उस्ताद ती उजेडात फिरवत राहिले. हात थरथरत होते, म्हणून त्यांनी कोपरं टेबलावर टेकवली.

“या बाईंचा फोटो असेल ना तुझ्याकडे?” त्यांनी विचारलं. “दाखव. बघू दे, बरोबर चढवलेत का.”