तडतडणारी वात

पुण्यात दिवसभरात जितक्या वेळा ‘चालणार नाही’ असं म्हटलं जातं, तितक्या वेळा माझे व्याही बाह्या सरसावतात. हे शहर तुमच्या ओळखीचं असेल, तर या माणसाच्या बाह्या खाली कधी येत असतील हा प्रश्न तुम्हालाही पडेल. पाटबंधारे खात्यात आरेखक म्हणून नोकरी करून ते निवृत्त झाले. कर्वेनगरला तिसऱ्या मजल्यावर राहतात आणि गेली दोन वर्षं स्वयंपाकघराच्या ओट्यावर मेणबत्त्या करतात. आता यात वावगं काही नाही. निवृत्त माणसं याहून भयंकर गोष्टी करतात, मी स्वतः हार्मोनियम शिकतो आहे. पण व्याह्यांच्या मेणबत्तीत सुताची वात नसते, लाकडाची असते. पोस्टकार्डापेक्षा जराशी जाड, बोटभर रुंद अशी चपटी पट्टी काचेच्या ग्लासात मधोमध उभी करायची, खाली पत्र्याच्या चिमटीत बसवायची आणि भोवती मेण ओतायचं. माझी मुलगी त्यांची सून. त्यामुळे आम्ही दोघे अशा नात्यात अडकलो आहोत की धड भांडता येत नाही आणि धड टाळताही येत नाही.

सुरुवातीला मेण हवं होतं, तेव्हा ‘चला, माझ्या ओळखीचं दुकान आहे’ असं म्हणण्याचा मूर्खपणा मीच केला. मी नारायण पेठेत वाढलो. पेठेतल्या दुकानदाराची ओळख असली की तो आपला अपमान नावानिशी करतो, एवढाच काय तो फायदा. व्याह्यांनी लाकडी वातीची कल्पना अगदी आकृती काढून समजावून दिली. दुकानदाराने चष्म्यावरून आधी त्यांच्याकडे, मग माझ्याकडे पाहिलं.

“लाकूडच जाळायचंय ना? मग मेण कशाला नासताय? चूल पेटवा.”

“हरकत नोंदवून घेतली,” व्याही म्हणाले.

“मग?”

“फेटाळली. पाच किलो द्या.”

खातं सुटलं तरी खात्याची भाषा त्यांची सुटलेली नाही. प्रत्येक मेणबत्तीची नोंद ते वहीत ठेवतात आणि ती ठेवताना स्वतःलाही सोडत नाहीत. ‘प्रयोग चौदा. वात तिरकी. कारण, घाई. जबाबदार, मी.’ असे शेरे मी स्वतःच्या डोळ्यांनी वाचले आहेत. लाकडाचा शोध तर त्यांनी असा घेतला की नातेवाईक त्यांना बोलवायला बिचकू लागले. आमच्या नातवाच्या बारशाला पाहुणे कुल्फी खात होते आणि हे गृहस्थ प्रत्येकापुढे हात पसरून उभे. “झाली का? काडी द्या.” मोठ्या वन्संबाईंनी, म्हणजे माझ्याच थोरल्या बहिणीने (माझी बायको तिला घाबरून वन्संबाई म्हणते, म्हणून मीही म्हणतो), शेवटचा घास तोंडात असतानाच घाबरून काडी देऊन टाकली. काड्या बांबूच्या निघाल्या, नुसत्या धुमसल्या. आमच्या घरी आले की ते सोफ्याचा हात नखाने टोकरून बघतात. “सागवान. तेलकट असतं. आपल्या कामाचं नाही,” असं ते अशा आवाजात सांगतात, जणू मी सोफा तोडून द्यायला निघालो होतो आणि त्यांनी माझं मन न दुखावता नकार दिला. प्लायवूडला वास आला, फर्निचरवाल्याकडची पट्टी विझली. शेवटी एका जुन्या आंब्याच्या पेटीची फळी त्यांच्या कसोटीला उतरली. तिच्या रंध्याने काढलेल्या पातळ पट्ट्या नीट तर जळायच्याच, शिवाय जळताना तडतडायच्या. बारीक, सुक्या पाचोळ्यावर चिमणी नाचावी तसा आवाज.

हा सगळा खटाटोप त्या आवाजासाठी होता. आमच्या विहीणबाई शाळेत शिक्षिका होत्या. काचबिंदूने त्यांची नजर हळूहळू गेली. रोज संध्याकाळी घरातल्या बुद्धमूर्तीपुढे मेणबत्ती त्या स्वतः लावायच्या आणि मग वंदना म्हणायच्या. नजर गेल्यावर काडी ओढणं, वातीला टेकवणं हे सगळं हाताच्या सवयीने जमायचं. अडायचं पुढे. लागली की नाही, हे कुणीतरी सांगावं लागायचं. एकदा त्यांनी बोट नेऊन पाहिलं आणि भाजून घेतलं. “सगळी नोकरी मी मुलांना ‘कळलं का?’ विचारत काढली,” त्या मला म्हणाल्या, “आता मलाच रोज कुणीतरी ‘लागली हं’ म्हणून सांगायचं?” हे ऐकल्यावर माझ्यासारख्याने सहानुभूतीचा उसासा टाकून चहा घेतला. व्याह्यांनी रंधा विकत आणला.

गल्लीतल्या विहारातही बुद्धपौर्णिमेची पहिली मेणबत्ती वर्षानुवर्षं विहीणबाईच लावत आलेल्या. तिथे मुलांचा अभ्यासवर्ग त्यांनीच सुरू केला होता, म्हणून तो मान त्यांचा. या वर्षी विहार समितीचे सचिव घरी आले. भला माणूस. पण चांगुलपणाची घाई झालेला.

“जयभीम, ताई. यंदा तुम्ही आपलं पुढे खुर्चीवर बसा. लावायचं काम दुसरं कुणी करेल. गर्दी असते, पदर असतो, उगाच काही...”

विहीणबाईंनी पदर घट्ट खोचला.

“ती लावेल,” व्याही म्हणाले. “आणि लागली का, हे तिला कुणी सांगायचं नाही. ती तुम्हाला सांगेल.”

“अहो, पण नाही जमलं तर? एवढ्या लोकांपुढे...”

“तर पुढच्या वर्षी दुसऱ्याला सांगा. आम्ही हरकत घेणार नाही.”

सचिव गेल्यावर विहीणबाई एवढंच म्हणाल्या, “माझ्या वतीने पैजा लावताय, मेणबत्ती नीट करा म्हणजे झालं.”

व्याह्यांनी नीटच केल्या. फळीच्या उरल्यासुरल्या पट्ट्यांच्या नऊ मेणबत्त्या. पौर्णिमेच्या आदल्या दुपारी त्या सगळ्या अर्धा तास पेटवून बघायच्या आणि सर्वांत खणखणीत तडतडणारी निवडायची असं ठरलं. हे माझ्या मुलीने सांगितल्यावर मी न बोलावता तिथे हजर झालो. दुपारी विहीणबाईंना औषधाचे थेंब घालायची वेळ झाली आणि थेंब संपले होते, म्हणून व्याही खाली निघाले. “साहेब, अर्ध्या तासाने शांत करा,” ते मला म्हणाले. “फुंकर मारू नका, लाकूड धुमसत राहतं. झाकणं ठेवली आहेत, वरून नुसती ठेवा.”

इथे माझं घराणं आड आलं. आमच्याकडे समई फुंकरीने विझवत नाहीत हे खरं, पण झाकण घालून तिला गुदमरवतही नाहीत. वात अलगद मागे ओढून तेलात बुडवायची. माझ्या आईने मला हे मी सात-आठ वर्षांचा असताना शिकवलं आणि संसारातलं मला येणारं हे एकमेव काम आहे. झाकणं वगैरे नवशिक्यांसाठी, असा विचार करून मी चमचा उलटा धरला आणि दांडीने पहिली वात पातळ झालेल्या मेणात दाबली. कट्ट असा आवाज झाला. ही कच्ची असणार, असं मी ठरवलं. दुसरीही कट्ट. सुताची वात वाकते आणि लाकडाची मोडते, हे कळायला एखाद्या सामान्य माणसाला दोन वाती पुरल्या असत्या. मला नऊ लागल्या. पाचवीनंतर तर मला हात बसल्यासारखा वाटू लागला होता. नवव्या ग्लासावर मेण साचून गुळगुळीत झालं, तेव्हा मी समाधानाने हात पुसले.

व्याही आले. त्यांनी एकेक ग्लास उचलून उजेडाकडे धरला.

“साहेब, आपण समई शांत केलीत.”

त्या वाक्यात जराही राग नव्हता, म्हणून मला बसायला खुर्ची शोधावी लागली. आतून विहीणबाईंचा आवाज आला, “काय झालं हो?” आणि मी आयुष्यात पहिल्यांदा पळवाट न शोधता म्हणालो, “विहीणबाई, मी सगळ्या मोडल्या.” मग त्या म्हणाल्या, “नऊच्या नऊ? चिकाटी आहे हो तुमच्यात.”

मी स्कूटर काढून आंब्याच्या पेट्या शोधायला धावलो. दुकानादुकानात आंब्यांचे ढीग, पण सगळे पुठ्ठ्याच्या खोक्यांत. एका फळवाल्याने विचारलं, “आंबे नकोत, पेटीच पाहिजे? घरी सगळं ठीक ना, काका?” मी घामेजून, रिकाम्या हाताने परतलो, तोवर ओट्यावर गरम पाण्याचं पातेलं चढलं होतं. नऊपैकी आठ वाती चिमटीतून उखडल्या होत्या. एकीचं खोड तेवढं तळाशी ताठ उभं होतं.

“वात वर आणता येत नाही ना?” व्याही म्हणाले. “मग पातळी खाली आणायची. नोकरीभर दुसरं काय केलं?” ग्लास गरम पाण्यात धरून ते मेण पातळ करत आणि चमच्या-चमच्याने बाहेर काढत. मी नुसता वाटी धरून उभा होतो. चमच्याला हात लावायची मला बंदी होती. अर्ध्याहून अधिक ग्लास रिकामा झाल्यावर लाकडाची मोडकी कड मेणाबाहेर आली. ती पेटवून पाहिली तर उरलेलं मेणही संपेल, म्हणून ती तशीच ठेवली. ती तडतडेल की नाही, हे कुणालाच माहीत नव्हतं. वहीत मात्र नोंद झाली. ‘पातळी उतरवली. जबाबदार,’ आणि पुढे जागा कोरी. ती मी माझ्या हाताने भरली.

दुसऱ्या दिवशी विहार पांढऱ्या साड्यांनी आणि सदऱ्यांनी भरून गेला होता. सचिवांनी तळाशी चार बोटं मेण असलेला तो ग्लास पाहिला. “एवढीशीच?”

“पुरेल,” व्याही म्हणाले.

विहीणबाई पुढे झाल्या. बोटाने त्यांनी लाकडाची कड चाचपली, काडी ओढली आणि कडेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवली. मला ज्योत दिसली. सगळ्यांना दिसली. पण छताला सहा पंखे घरघरत होते, मागे कुजबुज होती, कर्णा गुणगुणत होता. विहीणबाईंनी मान थोडी कलती केली. त्यांच्या चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही. विझलेली काडी हातात तशीच. पहिल्या रांगेतल्या एका बाईंनी न राहवून तोंड उघडलं, “ला...” आणि व्याह्यांनी हात वर केला. त्या जागच्या जागी थांबल्या.

सचिवांनी त्या हाताकडे पाहिलं, विहीणबाईंकडे पाहिलं. मग ते स्वतः भिंतीपाशी गेले आणि एकेक पंख्याचं बटण बंद करत गेले. कर्णाही बंद केला. पंखे रेंगाळत थांबले. वैशाखातली दुपार, भरलेला हॉल, आणि कुणी पदरानेही वारा घेत नव्हतं. एक बाळ रडणार असं वाटलं, त्याच्या आईने त्याला छातीशी धरलं. माझ्या मानेवरून घाम ओघळत होता आणि मी मनात त्या मोडक्या लाकडाच्या हातापाया पडत होतो.

तड. मग जरा थांबून, तडतड.

“लागली,” विहीणबाई म्हणाल्या. आवाज थेट वर्गातला. “आता लावा पंखे. माणसं उकडताहेत.”

पण पंखे लगेच कुणी लावले नाहीत. वंदना तशाच शांततेत सुरू झाली, आणि दोन ओळींच्या मधल्या जागेत ते लाकूड बोलत राहिलं. व्याह्यांना डोळ्यांनी ‘जिंकलात’ म्हणावं म्हणून मी वळून पाहिलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. विहीणबाईंच्या शेजारी, त्यांच्यासारखीच मान थोडी कलती करून ते उभे होते, आणि त्यांचे डोळे मिटलेले होते.