कठड्याला लाथ

रात्रपाळी करून आलेल्या नर्सची झोप ही झोप नसतेच. बाहेर लख्ख सकाळ आहे, पडदे ओढलेत तरी कडेने उजेड आत शिरतोय, कचऱ्याची गाडी दाराशी गुरगुरतेय, आणि मी पाठ टेकून पडले आहे. वेल्समधल्या या स्वान्सीत निम्मं आयुष्य गेलं, पण दिवसा झोपणं काही अंगवळणी पडलं नाही. मोबाइल छातीवर पालथा आहे. त्यात रूथचा शिक्षणाच्या ग्रँट-कर्जाचा सरकारी फॉर्म उघडा आहे.

रूथ माझी मुलगी. तिला बँगोरच्या युनिव्हर्सिटीत जायचंय. तिने तिचा भाग कधीच भरला, आता घरची मिळकत आईने भरायची. नवरा वेगळा राहतो, त्याचा पगार धरत नाहीत. मी काढलं तसं सरकारनेही त्याला हिशेबातून काढलं. बाकी सगळं भरून झालं, आणि मग तो प्रश्न आला. तुमच्यावर अवलंबून असलेली इतर मुलं किती? मी लिहिलं, एक. नाव शमुवेल. उत्पन्न शून्य. लबाडी करायला बसले नव्हते. हातच तसा गेला, आणि आता पुसवत नाही.

शमू, माझा मुलगा, गेला तेव्हा अ‍ॅबरिस्टविथच्या युनिव्हर्सिटीत दुसऱ्या वर्षाला होता. लॅम्पीटरच्या रस्त्यावर, पावसात, मित्राची गाडी घसरली. संध्याकाळी रूथ कामावरून येईल आणि विचारेल, पाठवलास का? आहे तसा पाठवला तर ते खोटं, आणि ते तिच्या नावावर जाणार. खरं लिहायचं तर माझ्या हाताने त्याला पुसायचं. कचऱ्याची गाडी पुढे जाते. पापण्या जड होतात.

खाली स्वयंपाकघरात खुर्ची सरकते. मी जिना उतरत नाही, तरी खाली असते. शमू खुर्ची उलटी करून, पाठीवर हनुवटी टेकून बसलाय. लहानपणापासून असाच बसायचा, शंभरदा ओरडले असेन. केस ओले आहेत.

"केस पूस आधी," मी म्हणते.

"पुसले गं. वाळतच नाहीत." तो कुकरकडे बघतो. "भात कुणासाठी एवढा?"

"आपल्या तिघांसाठी."

"आणि माझा वाटा खातं कोण?"

"मीच. दुसऱ्या दिवशी फोडणी देऊन."

तो हसतो. "मला किती उत्पन्न लिहिलंस?"

"शून्य."

"एवढं मात्र खरं लिहिलंस."

त्याच्यापुढे ताट आहे. मी वाढलेलं नाही, पण आहे. युनिव्हर्सिटीत जायच्या आधी त्याने याच टेबलावर मला सगळं समजावलं होतं, असंच ताट घेऊन. मला फॉर्म कळत नाहीत, ताट कळतं. आताही तो बोटाने भाताची मूद कापतो.

"फीचं कर्ज वेगळं, ते सोड. हे राहण्या-खाण्याचं. वेल्समधली दोन पोरं एकाच गावी शिकायला गेली, तर दोघांचं ताट सारखंच भरतं, श्रीमंताचं असो की आपलं. यातला भात म्हणजे ग्रँट, तो परत द्यायचा नाही. आमटी म्हणजे कर्ज. बरा पगार सुरू झाला की पगारातून थोडी थोडी कापतात. घरची मिळकत कमी तर भात जास्त, आमटी कमी."

"माहितीय मला."

"मग हेही ऐक. मी तुझ्यावर अवलंबून आहे म्हटलं की तुझी मिळकत थोडी कमी धरतील. रूथीला दोन घास भात जास्त."

"बरंच आहे की."

"आई, तो माझ्या नावाचा भात आहे. तिच्या घशाखाली उतरेल?"

कुकरची शिट्टी होत नाही, नुसती वाफ येत राहते.

"आणि तुझी आमटी?" मी विचारते.

"माफ झाली ना. तूच फोन केला होतास."

आम्ही वॉर्डच्या चादरींच्या खोलीत आहोत, तिथूनच मी तो फोन केला होता. पलीकडच्या, कर्जाच्या ऑफिसातल्या मुलीने आधी फार वाईट वाटलं असं सांगितलं. मग म्हणाली, कर्ज रद्द होईल, आता काहीही देणं नाही. तिला वाटलं, मला हायसं वाटेल. मी थँक्यू म्हटलं आणि चादरीत तोंड खुपसून रडले. माझं पोर कुणाचं काही देणंसुद्धा लागत नव्हतं, इतकं ते गेलं होतं.

चादरींमागे समुद्र आहे. आम्ही अ‍ॅबरिस्टविथच्या किनाऱ्याच्या रस्त्यावर चालतोय, वारा अंगात शिरतोय. या रस्त्याच्या टोकाला लोखंडी कठडा आहे. तिथवर गेलं की त्याला लाथ मारायची आणि मागे वळायचं, अशी तिथल्या पोरांची रीत. का, ते कुणाला धड ठाऊक नाही. त्याला सोडायला गेलो तेव्हा शमूने मारली, रूथने मारली. मी नाही मारली. चर्चला जाणारी असले तरी मी नगरची आहे. कशाला पाय लागला की हात लावून कपाळाशी नेते. त्या दिवशीही मी वाकून कठड्याला हात लावला होता. दोघं केवढी हसली होती.

"शमू, मी इतर मुलं शून्य लिहिली तर तू नव्हतासच असं होईल रे."

"त्यांना तुझी पोरं मोजायची नाहीत, आई. तुझा पगार किती तोंडांना पुरवायचा, तेवढंच विचारलंय. आणि मी जेवत नाही."

"मी तुला कुठं ठेवू मग?"

कठडा आलाय. तो लाथ मारतो, लोखंड घणघणतं. "आता तू. त्याशिवाय मागं फिरता येत नाही."

"तू पण फिरशील?"

"मार की गं."

मी डोळे मिटते आणि पाय उचलते.

कळ थेट मस्तकात जाते. मी पलंगावर आहे, पाय पायथ्याच्या लोखंडी दांडीला लागलाय, आणि दांडी अजून थरथरतेय. पांघरूण काढून बघते. उजव्या अंगठ्याच्या नखाखाली, मुळाशी, रक्त साकळलंय. माझा हात आपोआप दांडीकडे जातो, लावायला. मी तो मागे घेते.

मोबाइल उचलते. एक पुसते. शून्य लिहिते. नाव आपोआपच नाहीसं होतं. मग मी मोठ्याने रडते. घरात कुणी नाही, लाजायचं कुणाला?

संध्याकाळी रूथ मला लंगडताना बघते. "काय झालं पायाला?"

"लाथ मारली."

"कशाला?"

"कठड्याला."

ती माझ्याकडे बघत राहते. फ्रीजरमधून मटारची पिशवी काढते, खाली बसून माझा पाय मांडीवर घेते आणि पिशवी अंगठ्यावर धरून ठेवते, तिचे हात गारठेपर्यंत.

नर्स आहे, मला ठाऊक आहे. असा डाग पुसला जात नाही, नखाबरोबर पुढे सरकतो. अंगठ्याचं नख मुळापासून टोकापर्यंत यायला वर्ष तरी लागतं. रूथचं पहिलं वर्ष संपेल, तोवर मी तो डाग कापणार नाही.