बेलवरचं बोट

आमच्या दाराची बेल दाबली की काका बोट उचलायचे नाहीत. दार उघडेपर्यंत ती सलग वाजत राहायची. बायको स्वयंपाकघरातून म्हणायची, "तुमचे काका आलेत, पळा." मी कपाळाला आठ्या घालून दार उघडलं की ते हळूच बोट काढत आणि म्हणत, "घेणारा आल्याशिवाय सूर सोडू नये."

शांती नगरातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये ते बरोबर आमच्या वर राहायचे, एकटेच. सगळे त्यांना ऑर्गनकाका म्हणत. तुमच्यापैकी ज्यांच्या घरी जुना रेकॉर्ड प्लेअर होता, त्यांनी काकांना नक्की ऐकलं असणार. इलेक्ट्रॉनिक ऑर्गनवर वाजवलेली सिनेमाची गाणी. लग्नाच्या हॉलमध्ये पंगती उठेपर्यंत त्याच रेकॉर्डी लागायच्या. फक्त त्यांवर नाव असायचं रिकी फर्नेल, आणि कव्हरवर गळ्यात बो लावलेला एक गोरा, हसरा माणूस. तो फोटो कोणाचा हे काकांनाही ठाऊक नव्हतं. त्यांचे वडील कीर्तनात पेटी वाजवायचे, आडनाव त्यातच गाजलेलं. रेकॉर्ड कंपनीचे साहेब म्हणाले, "तुमच्या नावाने रेकॉर्ड काढली तर लोकांना भजनं वाटतील." काका तेव्हा विशीतले होते, हो म्हणून बसले.

पुढे ते रिकीबद्दल असं बोलायचे, की जणू तो आतल्या खोलीत बसलाय. "आज त्याची बोटं जड आहेत." चहा ओतताना ते एक कप जास्त मांडायचे. मी चेष्टेने विचारलं, "रिकीसाहेब साखर किती घेतात?"

"घेत नाही. त्याच्यामुळे मलाही सोडावी लागली," काका म्हणाले. ते हसले नाहीत, मग मीही हसणं आवरलं.

काकांची इच्छा एकच होती. जाण्याआधी स्वतः रचलेली एक धून स्वतःच्या नावावर लागावी. "माझं नाव त्या धुनेखाली आलं पाहिजे. तोवर दुसरीकडे कुठे छापू नका." म्हणून मीही ते इथे लिहीत नाही.

धुनेचा सराव ते ऑर्गनचा स्विच बंद ठेवून करत. दुपारी आम्हाला छतातून नुसता पट्ट्यांचा टकटक आवाज यायचा. मी एकदा विचारलं, "काका, आवाजाशिवाय कळतं कसं?"

"मला कळतं. स्विच लावला की तो ऐकतो. आणि एकदा ऐकलं की ते त्याचं."

म्हातारपणाचं खूळ, असं मी बायकोला सांगितलं. पण जेवायला बसलो की वरची टकटक आम्ही दोघंही न बोलता ऐकायचो.

गेल्या उन्हाळ्यात एका दुपारी बेल वाजली. "बसली धून," काका म्हणाले. "एकदाच वाजवणार. तुमच्या फोनमध्ये घ्या."

वर गेलो. त्यांनी खिडक्या लावून घेतल्या आणि स्विच लावला. धून सुरेख होती. पेटीवरच्या भजनासारखी सुरू झाली, मग मध्येच उजव्या हाताने एक नखरेल गिरकी घेतली, रेकॉर्डींवर असायची तशी. काका आपल्या हाताकडे बघतच राहिले. शेवटच्या सुरावर बोट थांबलं ते उठेचना. मीच पुढे होऊन स्विच बंद केला.

"ऐकलं त्याने," काका म्हणाले. त्या पावसाळ्यात ते हॉस्पिटलमध्ये गेले आणि परत आले नाहीत.

सोसायटीच्या ऑफिसात शोकसभा झाली. मी फोनवर ती धून लावली. ती मी कोणाला पाठवली नव्हती, कुठे टाकलीही नव्हती. तळमजल्यावरच्या शहाभाईंना फार आवडली. हल्ली कुठलंही गाणं ऐकवलं की फोन त्याचं नाव सांगतो, तसा त्यांनी आपला फोन पुढे धरला.

"अरे, मिल गया," ते खुशीत म्हणाले. "पर नाम दुसरा दिखा रहा है."

स्क्रीनवर बो लावलेला माणूस हसत होता. खाली लिहिलं होतं, रिकी फर्नेल. मला भीती वाटली, आणि त्याहून जास्त काकांचं वाईट वाटलं. आयुष्यभरात एक गोष्ट जपली होती, तीही गेली.

घरी येऊन चहा पुढ्यात घेतो तोच बेल वाजली. थांबेना. बायको स्वयंपाकघराच्या दारात आली, पण नेहमीचं वाक्य तिने उच्चारलं नाही. मी दाराच्या भिंगातून पाहिलं. पॅसेजमध्ये कोणी नव्हतं.

"उघडू नका हं," ती म्हणाली.

कडीवर हात ठेवून मी उभा राहिलो. बाहेर कोण आलंय, काका की तो? तो असेल तर मला दार उघडायचं नव्हतं. मग मी आतूनच काकांचं खरं नाव घेतलं, त्यांच्या वडिलांच्या नावासकट, आडनावासकट, स्टेजवर पुकारतात तसं मोठ्याने. म्हटलं, "तुमची धून ऐकली. तुमचीच आहे."

बेल थांबली. दार उघडल्यावर काका बोट काढायचे ना, तशीच, हळूच.